पांढरे-हिरवे

ग्दान्स्कमधल्या वयस्कर माणसांशी ओळख झाली की बोलता बोलता आईवडिलांचा विषय निघतो, आणि ते आईवडील ग्दान्स्कचे जवळजवळ कधीच नसतात. विल्नोचे असतात, ल्वूवचे असतात, वॉर्साच्या आसपासचे असतात, नाहीतर अशा एखाद्या खेड्यातले असतात जे आज बेलारूसच्या नकाशात शोधावं लागतं. काशुबी नावाचा इथला जुना समाज सोडला तर पिढ्यान् पिढ्या याच मातीतलं असं कुणी सहसा भेटत नाही. मी कोल्हापूरची. पणजोबांचं घर कुठं होतं हे हात करून दाखवणाऱ्या माणसांत वाढलेली. त्यामुळे एवढं मोठं, देखणं, जुनंपुराणं दिसणारं शहर आणि त्यात सगळेच नंतर आलेले, हे गणित माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला.

ते बसलं ते लेखियामुळे. लेखिया हा इथला क्लब. पोलंडबाहेर ज्यांना हे नाव माहीत असतं त्यांना ते फुटबॉलमुळे माहीत असतं. मला त्याच्या रग्बीचं वेड लागलं. फुटबॉलच्या लेखियावर पुष्कळ लिहिलं गेलंय, तिचे पुतळे उभारायला माणसं टपलेली आहेत. रग्बीची लेखिया म्हणजे तिची धाकटी बहीण; त्याच नावाची, त्याच पांढऱ्या-हिरव्या रंगांची, आणि लग्नकार्यात फोटोत मागच्या रांगेत उभी राहणारी.

तर आधी नावाचं. ३० मार्च १९४५ ला सोव्हिएत फौजांनी शहर घेतलं तेव्हा मध्यभागातली सुमारे नव्वद टक्के घरं पडली किंवा जळली होती. त्याआधी हे दान्झिग होतं. बंदर, व्यापार, उंच निमुळत्या घरांच्या रांगा आणि जवळजवळ सगळी वस्ती जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर त्याला ‘स्वतंत्र शहर’ म्हणून ना धड जर्मनीत ना धड पोलंडमध्ये असं ठेवलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा धडाडल्या त्याही इथंच, बंदराच्या तोंडाशी, वेस्टरप्लाटेवर. युद्ध संपलं तेव्हा जेत्यांनी पोलंड नावाचा अख्खा देश उचलून पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेचा मोठा तुकडा सोव्हिएत संघाने ठेवून घेतला, बदल्यात जर्मनीचा पूर्वेकडचा तुकडा पोलंडला मिळाला. जर्मन गेले, त्यांना जावंच लागलं. मालगाड्या भरभरून पोलिश माणसं आली आणि दुसऱ्यांच्या घरांत उतरली. कपाटांत दुसऱ्यांची भांडी होती, दारांवर दुसऱ्यांची नावं होती.

बंदर सुरू झाल्याशिवाय काहीच सुरू होणार नव्हतं. म्हणून बंदरांच्या पुनर्बांधणीचं एक सरकारी कार्यालय उघडण्यात आलं आणि त्या कार्यालयातल्या मंडळींनी ऑगस्ट १९४५ मध्ये खेळाचा क्लब काढला. अजून राडारोडा उपसून झाला नव्हता, पाव कुठून मिळवायचा हा रोजचा प्रश्न होता, पण क्लब निघाला. त्याचं पहिलं नाव बाल्तिया, समोर बाल्टिक समुद्र म्हणून. पुढच्याच वर्षी ते बदलून लेखिया केलं. ल्वूव शहरात १९०३ मध्ये स्थापन झालेला लेखिया नावाचा क्लब होता, पोलिश फुटबॉलच्या अगदी पहिल्या क्लबांपैकी एक. ल्वूव सोव्हिएत संघात गेलं आणि तो क्लब संपला. ग्दान्स्कच्या नव्या क्लबात ल्वूवकडची माणसं होती. शहर बरोबर आणता येण्याजोगं नव्हतं. नाव आणता आलं.

इथं मला वळिवडे आठवल्याशिवाय राहत नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे. मी लहानपणी त्याच्याभोवती पकडापकडी खेळले आहे, त्यावर काय लिहिलंय याची फिकीर न करता. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. चर्च होतं, शाळा होत्या. ही माणसं कुठली होती हे मात्र मला ग्दान्स्कला आल्यावर नीट कळलं. ती याच पूर्व पोलंडमधली. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घराघरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवलं होतं. पुढे पोलिश जनरल आंदर्सच्या फौजेबरोबर १९४२ मध्ये ती इराणला पोचली आणि तिथून काही जण आपल्याकडे, जामनगरजवळच्या बालाचडीला आणि आमच्या वळिवड्याला आली. युद्ध संपल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता की परत जायचं तरी कुठं. घर जिथं होतं तो भाग आता पोलंडमध्येच नव्हता. काही इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलियाला, आणि काही पोलंडला परतली, तीही या नव्या, सरकवलेल्या पोलंडमध्ये.

वळिवड्याच्या बराकी रिकाम्या झाल्या त्या सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी. तेच आजचं गांधीनगर, जिथं आम्ही लग्नाच्या कपड्यांची खरेदी ठोकमध्ये करायला जातो. एकीकडे जर्मनांच्या घरात ल्वूवचे पोल, दुसरीकडे ल्वूवकडच्या पोलांच्या बराकीत सिंधी. दोन्हीकडे साल साधारण तेच. मी हे इथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर त्याने आधी नकाशा मागितला, मग आईला फोन लावला.

बरं, रग्बी. पोलंडमध्ये ती पहिल्यांदा आली ती फ्रान्समार्गे. लुई आंब्लार नावाच्या फ्रेंच माणसाने विसाच्या दशकाच्या सुरुवातीला देशातला पहिला क्लब काढला, ‘पांढरा गरुड’ नावाचा. पोलंडला स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती, राष्ट्रचिन्हावरचा गरुड सगळ्यांनाच सगळ्याला द्यायचा होता. पण खेळ रुजला नाही. हौशी मंडळींत राहिला, महायुद्धात पुसला गेला.

युद्धानंतरच्या दहा वर्षांत तो पुन्हा उगवण्याची शक्यता आणखीच कमी. स्टालिनच्या छायेत खेळांचीही फेरमांडणी झाली. जुने क्लब म्हणजे जुना समाज, म्हणून कामगार संघटनांच्या नावाने नवी क्रीडामंडळं उभारली: खाणवाल्यांचं, रेल्वेवाल्यांचं, पोलादवाल्यांचं, बांधकामवाल्यांचं. प्रत्येक गावातल्या क्लबाला यांपैकी एकाचं नाव चिकटवलं गेलं. क्राकूवचा क्राकोविया क्लब ओग्निवो झाला, पोझनानचा लेख रेल्वेवाल्यांत गेला, आणि लेखिया झाली बुडोव्लानी ग्दान्स्क, म्हणजे बांधकाम कामगारांची. ज्या नावासाठी माणसांनी एवढी धडपड केली ते नाव चार-पाच वर्षं कागदावरून गेलं. मैदानातल्या लोकांनी अर्थातच ओरडताना जुनंच नाव वापरलं असणार. सरकारला घोषणा छापता येतात, आरोळ्या छापता येत नाहीत. रग्बीचं तर आणखी वाईट. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये तिच्यावर बंदीच घातली, परकीय खेळ म्हणून. शिवाय १९२४ च्या पॅरिसनंतर रग्बी ऑलिम्पिकमध्ये नव्हती. पदक नाही, मार्क्सवाद नाही, मग पैसे कशाला द्यायचे?

१९५६ मध्ये बर्फ वितळला. स्टालिन जाऊन तीन वर्षं झाली होती, जूनमध्ये पोझनानचे कामगार रस्त्यावर आले, ऑक्टोबरमध्ये गोमुल्का हा जरा मवाळ वाटणारा कम्युनिस्ट नेता सत्तेवर आला आणि काही काळ लोकांना वाटलं की आता श्वास घेता येईल. त्या श्वासात जॅझ होतं, अमूर्त चित्रं होती, विद्यार्थ्यांची पत्रकं होती, आणि कुणाच्या फारशा लक्षात न येता रग्बीही होती. लेखियाचा रग्बी विभाग त्याच वर्षीचा. १९५७ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही. ती वॉर्साच्या शारीरिक शिक्षण अकादमीच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. १९५८ मध्ये वुच शहरात पोलंडने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, पूर्व जर्मनीविरुद्ध, आणि ९-८ असा जिंकला. तेव्हा ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, तीनच गुण असत. युद्ध संपून तेरा वर्षं झालेली, समोर जर्मन, आणि एका गुणाने जिंकलेला सामना. त्या दिवशीच्या मैदानावर मला उभं राहायला आवडलं असतं.

ग्दान्स्कने पटकन पकड घेतली. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच लेखिया देशाची अव्वल झाली. का, याची कारणं मी इथल्या जुन्या माणसांना विचारत असते आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो. बंदर आहे, गोदी आहे, दणकट माणसांची कमतरता नव्हती, हे एक. कुस्ती, मैदानी खेळ असं काहीबाही करणाऱ्या पोरांना उशिरा वयातही या खेळात जागा मिळते, हे दुसरं. मला पटतं ते तिसरं. या शहराला स्वतःचा असा जुना खेळच नव्हता. क्राकूवला जा, तिथं दोन फुटबॉल क्लब १९०६ पासून एकमेकांच्या नावाने बोटं मोडतायत. नव्या खेळाला उभं राहायला वीतभर जागा नाही. ग्दान्स्कमध्ये सगळंच नवं होतं. फुटबॉल दहा वर्षांचा, रग्बी एक वर्षाची, आणि प्रेक्षकही याच शहरात दहा वर्षांचे. तिथं अंडाकृती चेंडू फार विचित्र वाटला नसावा.

फुटबॉलच्या लेखियाचा एक प्रसंग इथं सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय धाकटीचं नशीब कळत नाही. १९८३ मध्ये तिसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या लेखियाने पोलिश कप जिंकला आणि त्या जोरावर युरोपियन स्पर्धेत तिची गाठ पडली थेट युव्हेंटसशी. तूरिनमध्ये ०-७ असा फडशा पडला. परतीचा सामना ग्दान्स्कमध्ये, २८ सप्टेंबर १९८३ ला. लष्करी कायदा दोन महिन्यांपूर्वीच उठला होता, सॉलिडॅरिटी ही सरकारविरोधी कामगार संघटना बेकायदा होती आणि तिचा नेता लेक वालेसा हा सरकारी भाषेत एक ‘खासगी नागरिक’ होता. तो खासगी नागरिक त्या दिवशी प्रेक्षकांत येऊन बसला. लोकांना दिसला. आणि अख्खं मैदान त्याच्या संघटनेचं नाव घेऊन गर्जू लागलं. सामना लेखिया २-३ ने हरली, पण ग्दान्स्कमधली म्हातारी माणसं तो सामना जिंकल्यासारखाच सांगतात. आठवड्याभराने वालेसाला नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला.

रग्बीच्या वाट्याला असला दिवस कधी आला नाही. मला सुरुवातीला याची चुटपुट वाटायची. आता वाटत नाही. सत्तेचं लक्ष जाईल इतकी ती मोठी नव्हती, म्हणून तिथं माणसं जरा सैल बसू शकली. फुटबॉलचं मैदान इतिहासाचं होऊन बसलं. रग्बीचं खेळणाऱ्यांचंच राहिलं.

ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिनिया ही तीन शहरं किनाऱ्याला लागून एकामागे एक आहेत आणि एकच लोकल गाडी तिघांना शिवत जाते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ती चालू झाली तेव्हा तिचे डबे बर्लिनहून आणलेले होते. घरांसारखीच गाडीही दुसऱ्याची. आज निळ्या-पिवळ्या रंगाच्या, खडखडणाऱ्या जुन्या गाड्या नव्यांच्या बरोबरीने धावतात. या एका मार्गावर रग्बीचे तीन मोठे क्लब आहेत. ग्दान्स्कची लेखिया, सोपोतची ओग्निवो, ग्दिनियाची आर्का. जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात. पोलंडची रग्बी अनेक वर्षं याच पट्ट्यात ठरली आहे, मधूनमधून वुच किंवा वॉर्साने येऊन मान मोडली तेवढंच.

सोपोत म्हणजे सहलीचं गाव. समुद्रात पाचशे मीटरहून जास्त आत गेलेला लाकडी धक्का, कॅसिनो, आइस्क्रीम, पांढऱ्या खुर्च्या. असल्या नाजूक गावात मुलं एकमेकांना मातीत लोळवतात हे आधी खोटं वाटतं. पण ओग्निवोने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत देशाला पाणी पाजलं. तिचं मैदान एडवर्ड होदुरा यांच्या नावाने ओळखलं जातं. गंमत अशी की ओग्निवो हे नाव त्याच स्टालिनकाळच्या क्रीडामंडळाचं. ते मंडळ पन्नासच्या दशकाच्या मध्याला संपलं, क्राकूवने नाव टाकून दिलं, लेखियाने आपलं जुनं परत घेतलं. सोपोतने मात्र सरकारचं नाव ठेवलं आणि त्याला इतक्या जेतेपदांनी घासलं की आता त्यावर सरकारचा शिक्का दिसतच नाही.

ग्दिनियाची गोष्ट निराळी. कोळ्यांच्या गावाचं शहर झालं ते १९२६ मध्ये, कारण दान्झिग जर्मनांचं आणि पोलंडला स्वतःचं बंदर हवं. आर्काचा रग्बी क्लब तर १९९६ चा, तिघांत सर्वांत धाकटा. पण राष्ट्रीय रग्बी स्टेडियम आहे ते ग्दिनियात. लहानसं, नीटनेटकं, वाऱ्याच्या तोंडावर.

आता या तिघांच्या आपापसातल्या सामन्यांबद्दल. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की पेठांतली दुकानं लवकर बंद होतात, आणि कोण कुठल्या तालमीचा यावर नात्यागोत्यातही दोन दिवस अबोला राहतो. इथलं वैर त्याच जातीचं आहे. फक्त एक मोठा फरक. फुटबॉलमध्ये लेखिया आणि आर्का यांचा सामना असेल तर पोलिसांची रांग, घोडे, जाळ्या, पाहुण्या प्रेक्षकांना मेंढरांसारखं हाकत नेणं असा सगळा सरंजाम असतो. रग्बीत नावं तीच, रंगही तेच, शहरंही तीच. आणि माणसं एकाच कठड्याला टेकून उभी. पांढऱ्या-हिरव्या मफलरशेजारी पिवळा-निळा मफलर. शिव्या असतात, भरपूर असतात, पण त्या शेजाऱ्याच्या कानात दिल्यासारख्या.

मी जाते ते बहुतेक शरदात. इथल्या स्पर्धेत हिवाळ्यात खंड असतो, जमीन दगड झाल्यावर टॅकल करणं म्हणजे फरशीवर उडी मारणं. ऑक्टोबरमध्ये बाल्टिकवरून वारा येतो आणि उंच मारलेला चेंडू हवेतच विचार बदलतो. ग्रुनवाल्डस्का रस्त्यावरच्या लेखियाच्या मैदानावर एका बाजूला प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला थोडी झाडी आणि शहराची रहदारी. सॉसेज भाजल्याचा वास. मैदानाच्या कडेला लहान पोरं आपला वेगळाच सामना खेळत असतात आणि मोठ्यांच्या सामन्याकडे त्यांचं लक्ष फक्त आरडाओरडा झाला की जातं. स्क्रम लागला की आवाज थांबतात. आठ विरुद्ध आठ, डोकी आत, पाठी आडव्या, आणि मग एक दणका, तो पोटात ऐकू येतो. माझ्या शेजारी नेहमी उभे राहणारे एक निवृत्त गृहस्थ स्क्रमच्या वेळी डोळे मिटतात. बघण्यासारखं काही नसतं म्हणे, आवाजावरून कळतं कोण रेटतंय. ते स्वतः पहिल्या रांगेत खेळलेले. त्यांचे कान बघितले की खात्री पटते.

खेळाडू सोमवारी कामावर जातात. काहींना थोडं मानधन मिळतं, परदेशातून आलेले दोन-चार जण असतात, पण बाकीचे कुणी वखारीत, कुणी बँकेत, कुणी शिकवणारे. मध्ये एकदा दाताच्या दवाखान्यात समोरचा मुलगा ओळखीचा वाटला. आदल्या शनिवारी त्याला मी चिखलात तोंडावर पडताना पाहिलं होतं. मी आ वासलेला असल्यामुळे बोलता आलं नाही.

जुन्या काळात असं नव्हतं, निदान कागदावर नव्हतं. समाजवादी व्यवस्थेत क्लबामागे कारखाना, गोदी, महामंडळ असं कुणीतरी उभं असायचं. खेळाडू तिथल्या हजेरीपटावर. पगार कामाचा, काम खेळाचं. १९८९ नंतर कारखान्यांनाच स्वतःचं पोट भरेना, ते खेळाडूंचं कुठून भरणार? फुटबॉलला जाहिरातदार सापडले, टीव्ही सापडला. रग्बीला पालक उरले, माजी खेळाडू उरले, नगरपालिकेचं अनुदान उरलं. या काळावर इथले लोक फार बोलत नाहीत, आणि बोलले तर लगेच ग्झेगोझ कात्सावावर येतात.

कात्सावा ग्दान्स्कचा, १९६६ चा जन्म, याच किनाऱ्यावरच्या क्लबांत घडलेला. आडवा बांधा, फ्लँकरची म्हणजे स्क्रमच्या कडेची जागा. कारखाने बुडत होते तेव्हा तो फ्रान्सला गेला. २५ जानेवारी १९९७ ला कार्डिफमध्ये युरोपच्या क्लबांची अंतिम लढत झाली. एका बाजूला इंग्लंडचा लेस्टर, दुसऱ्या बाजूला ब्रीव्ह नावाच्या लहानशा फ्रेंच गावाचा संघ. इंग्लिश क्लब त्या वर्षी पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरले होते आणि आता कप आपल्याकडेच येणार असं त्यांनी धरलं होतं. ब्रीव्हने २८-९ असं धुतलं. त्या संघात पुढच्या फळीत कात्सावा होता. रग्बीच्या जगात ज्या देशाचं नाव कुणी घेत नव्हतं त्या देशाचा माणूस युरोपविजेता झाला, आणि नंतर कार्डिफ क्लबनेच त्याला बोलावून घेतलं. वेल्समध्ये रग्बी म्हणजे काय हे सांगायला नको. ग्दान्स्कमध्ये मात्र आजही त्याला ओळखणारी माणसं एका लोकलच्या डब्यात मावतील, असं आमचे स्क्रमवाले गृहस्थ म्हणतात. त्यात तक्रार नसते, नोंद असते.

लेखियाला नंतर पुन्हा चांगले दिवस आले. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ती देशात पहिली होती. याच सुमारास फुटबॉलची थोरली बहीण अंबरच्या रंगाच्या, चाळीस हजारांहून जास्त माणसं बसतील अशा नव्या स्टेडियममध्ये राहायला गेली होती. धाकटी तीनदा जिंकली आणि दोन हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. पुढे वारं पुन्हा वुचकडे फिरलं, मग २०१९ मध्ये सोपोतकडे. राष्ट्रीय संघ २०२३ मध्ये युरोपच्या वरच्या गटात खेळला, रोमेनिया, पोर्तुगाल आणि बेल्जियम यांच्याशी, आणि गटातला एकही सामना जिंकू शकला नाही. मला त्याचं फार दुःख झालं नाही. पोर्तुगालने त्याच वर्षी विश्वचषकात फिजीला हरवलं. असल्या संघाकडून हरण्यात निदान शिकायला मिळतं.

फेब्रुवारी २०२२ नंतर ग्दान्स्कच्या लोकलमध्ये युक्रेनियन सगळीकडे ऐकू येऊ लागली. युद्धातून निघालेल्या बायका आणि मुलं, पुन्हा एकदा बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांच्यात ल्विवचीही होती. ल्विव म्हणजे तेच ल्वूव. लेखियाचं नाव जिथून आलं तिथून पंच्याहत्तर वर्षांनी पुन्हा माणसं आली, फक्त या वेळी ती पोलिश नव्हती आणि त्यांना या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. जुन्या ग्दान्स्ककरांपैकी काहींनी आपल्या आजीच्या खोल्या त्यांना उघडून दिल्या. काहींनी नाकं मुरडली. ल्वूवमध्ये पोल आणि युक्रेनियन यांच्यात जे काही झालं ते पोलिश घरांत अजून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजावरून घर कळतं.

शेवटी बायकांबद्दल, कारण या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त जिंकलंय ते त्यांनी. लेखियाच्या छायेत मुलींचा सात-सात जणींचा संघ सुरू झाला. यानुश उर्बानोविच हे त्यांचे प्रशिक्षक, पुढे राष्ट्रीय संघाचेही. देशातल्या जेतेपदांवर या मुलींनी बघता बघता मक्तेदारी मिळवली. राष्ट्रीय संघात ग्दान्स्कच्या मुली भरल्या. २०२२ मध्ये पोलंडच्या महिला सेव्हन्स संघाने युरोपचं विजेतेपद मिळवलं, पुरुषांना स्वप्नातही न दिसलेलं. २०२३ मध्ये क्राकूवला झालेल्या युरोपियन गेम्समध्ये त्या अंतिम फेरीत ग्रेट ब्रिटनकडून हरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. पोलंडमध्ये लोकांनी रग्बी पहिल्यांदा टीव्हीसमोर बसून पाहिली असेल तर ती या मुलींसाठी, हे माझं मत आहे आणि मी ते कठड्यापाशी मोठ्याने बोलून दाखवते. गृहस्थ मान हलवतात, पण सात जणींत स्क्रम कसला, असं पुटपुटतात.

त्या मुली आता वेगळ्या क्लबच्या आहेत. क्लबचं नाव लेखिया नाही. ल्वूवहून आणलेलं, सरकारने काढून घेतलेलं, परत मिळवलेलं ते नाव त्यांनी घेतलंच नाही. त्यांनी रंग घेतले: ‘ब्यावो-झेलोने लेडीज’, पांढऱ्या-हिरव्या. जर्सी धुवून वाळत घातल्या की लांबून दोन्ही क्लबांच्या सारख्याच दिसतात.